कपाळपट्टीतलं पदक

इजिप्त
२० जून १९१५

मिसेस लेनहन यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी स्वार हेडली ट्रेम्बाथ, बेंडिगोचा. तुमच्या अ‍ॅम्ब्रोजच्याच तुकडीत होतो. छावणीत त्याचा तंबू आमच्या ओळीच्या टोकाला, त्यामुळे फार ओळख नव्हती. एकदा त्याने मला साबणाची वडी दिली होती आणि ती परत करायच्या आत त्याला इस्पितळाच्या तंबूत हलवलं. आम्ही म्हणत होतो, गोवरच तर आहे, लहान मुलांचं दुखणं, आठवड्यात उठेल. ते छातीत उतरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याची शवपेटी गावी पाठवली तेव्हा आम्ही शोकाची रीत म्हणून बंदुका उलट्या धरून स्टेशनपर्यंत चालत गेलो होतो. हे तुम्हाला कुणी कळवलं असेल-नसेल, म्हणून लिहितो.

आता मुख्य कारण. माझा घोडा जनावरांच्या डॉक्टरने नापास केला होता, म्हणून अ‍ॅम्ब्रोजचा काळा घोडा मला मिळाला आणि माझ्याबरोबर इथे आला. काल लगाम धुताना कपाळपट्टीचं अस्तर उसवलं. आत बोटाच्या पेराएवढं चांदीचं पदक निघालं. त्यावर एक बाई हात पसरून उभी आहे. मी मेथडिस्ट, मला यातलं काही कळत नाही. माझा दोस्त जॅक तुमच्यासारखा कॅथलिक आहे. तो म्हणाला, "गाढवा, ती पवित्र मरिया आहे. टोपी काढ." टाके फार बारीक आणि मन लावून घातलेले होते. ती वस्तू तुमची आहे. म्हणाल तर टपालाने परत पाठवतो.

घोड्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या खिशातली, आईने दिलेली मांस-बटाट्याची पेस्टी कागदासकट खाल्ली, म्हणून मी त्याला पेस्टी म्हणतो.

आपला नम्र,
हे. ट्रेम्बाथ


टॅलेरिन, व्हिक्टोरिया
२ ऑगस्ट १९१५

श्री. ट्रेम्बाथ यांस,

तुमचं पत्र पोचलं. माझी बहीण ब्रिजेट पत्रं लिहीत नाही. लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी विनिफ्रेड गॅफनी, तिची थोरली बहीण. गावच्या सरकारी शाळेत मी उभं आयुष्य शिकवलं, आता घरी बसले आहे आणि ते मला मानवत नाही.

घोड्याचं नाव मॉन्सिन्योर आहे. आमच्या चर्चमध्ये मोठ्या धर्मगुरूंना ती पदवी देतात. काळ्या अंगावर गळ्याखाली तो पांढरा पट्टा, धर्मगुरूंच्या कॉलरसारखा, म्हणून अ‍ॅम्बीने शिंगरू असतानाच ते ठेवलं. आमच्या फादर ड्वायरना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझी बढती घोड्याने पटकावली." अशा घोड्याला तुम्ही खाण्याच्या पदार्थाचं नाव दिलंत. शिवाय त्याने ते मांस कुठल्या वारी खाल्लं? शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य, तेव्हा शुक्रवार असला तर मला सांगू नका.

दुसरं. "लहान मुलांचं दुखणं" हे शब्द या घरात चालत नाहीत. ते आम्ही गावातून पुरेसे ऐकतो. परवा टपालखिडकीशी मिसेस पॉमफ्रेट मला म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण तसा तो गेला नाहीच ना. म्हणजे लढाईवर."

मी विचारलं, "तुमचा पर्सी कधी निघतोय?"

"पर्सीचे पाय सपाट आहेत."

"असतील. पण दारूच्या दुकानापर्यंत रोज व्यवस्थित जातात."

चिखलावर तंबू ठोकायचे, त्यात पोरं कोंबायची, आणि ती मेली की म्हणायचं तसा तो गेला नाहीच. असो. यात तुमचा दोष नाही.

आता पदकाचं. ते फादर ड्वायरकडून आशीर्वाद घेऊन ब्रिजेटने अ‍ॅम्बीसाठी आणलं होतं. तो म्हणाला, "आई, गळ्यात हे घालून मी पोरांबरोबर आंघोळीला कसा जाऊ? दात काढतील सगळे." तो दाढी करत होता तेवढ्यात तिने ते लगामाच्या कपाळपट्टीत शिवून टाकलं. तिच्या मनात साधी गोष्ट होती. घोडा जिथे जाईल तिथे मुलगा असणार. एकाचं रक्षण झालं की दुसऱ्याचं झालंच.

छावणीत घोडा एकीकडे उभा होता आणि मुलगा दुसरीकडे आडवा. घोड्याला शिंकसुद्धा आली नाही.

माझं मत विचाराल तर पदक परत पाठवा. पण ब्रिजेट म्हणते, "राहू दे तिथेच." मग विचारते, "घोडा बरा आहे का?" दर दोन दिवसांनी विचारते. तेव्हा अधूनमधून दोन ओळी लिहीत जा. पत्र माझ्या नावाने घाला. जपमाळ केल्याशिवाय जी बाई कधी अंथरुणावर पडली नाही तिची माळ मार्चपासून खिळ्याला लटकते आहे. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही मेथडिस्ट आहात, तुम्ही सांगून सांगणार कुणाला.

वि. गॅफनी


इजिप्त
१२ जानेवारी १९१६

गॅफनीबाई,

शाळेत आम्ही बाई म्हणायचो, हात आपोआप तसंच लिहितो. उशिराबद्दल माफी. मध्ये आम्हाला घोडे इथेच सोडून पायी लढायला समुद्रापार नेलं होतं. त्याबद्दल लिहीत नाही. जॅक तिकडेच राहिला. टोपी काढ म्हणणारा तोच.

परत आल्यावर आधी घोड्यांच्या ओळींकडे धावलो. इथले घोडे चाऱ्याबरोबर वाळू खातात आणि पोटशुळाने मरतात. आमच्या ओळीतले कितीतरी गेले. पेस्टीच्या डावीकडचा गेला, उजवीकडचा गेला. हा मात्र टुणटुणीत, उलट सुटलाय. तुमच्या सांगण्यावरून त्याला मॉन्सिन्योर म्हणून हाक मारून पाहिली. कानही हलवला नाही. पेस्टी म्हटल्यावर आला आणि खिसे हुंगायला लागला. रागावू नका बाई, माझ्या तोंडात आता तेच बसलंय.

आमच्यात पदकांना मान नाही. पण मिसेस लेनहनना सांगा, त्यांच्या टाक्यांत काहीतरी आहे.

हेडली ट्रेम्बाथ


टॅलेरिन
६ मार्च १९१६

श्री. ट्रेम्बाथ यांस,

तुमच्या दोस्ताबद्दल वाईट वाटलं. रविवारी त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आडनाव कळवलं नाहीत, तरी जॅक म्हटल्यावर वर समजलं असेल.

पत्र ब्रिजेटला वाचून दाखवलं. पोटशुळापर्यंत ती ऐकत होती. उजवीकडचाही घोडा गेला हे वाचल्यावर उठली, बादली घेतली आणि धार काढायला गेली. भर दुपारी. गाय वळून वळून तिच्याकडे बघत होती.

यापुढे घोड्याची एकच ओळ लिहा. बरा आहे, एवढी पुरे. बाकी माशा, ऊन, जेवण, तुमचे अधिकारी, काय वाटेल ते लिहा. त्याच्या नशिबाचं कौतुक नको. कारण विचारू नका.

वि. गॅफनी


इजिप्त
२५ ऑगस्ट १९१६

गॅफनीबाई,

कौतुक नको म्हणालात, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. या महिन्यात वाळवंटात मोठी लढाई झाली. एक गोळी पेस्टीच्या दोन कानांमधून गेली. खरंच सांगतो, कपाळपट्टीचं चामडं वरून फाटलं, पदकाची कड वाकली, आणि गोळी माझ्या दंडाला घासून मागे गेली. पेस्टीला ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर माझा दंड शिवत होता तेव्हा अख्खी तुकडी पदक बघायला रांग लावून उभी होती. आमचा पाद्रीसुद्धा आला. त्याने हात लावला नाही, पण चष्मा मात्र काढून पुसला.

तुम्ही स्वभावाने जरा कडक, तुम्ही हे मिसेस लेनहनना अर्धंच सांगाल अशी भीती वाटली. म्हणून त्यांच्या नावाने वेगळं पत्र आजच टाकलं आहे, मोठ्या अक्षरात. मुलगा गेला, पण त्याचा घोडा असा जपला जातोय हे कळून त्यांना बरं वाटेल.

हेडली


टॅलेरिन
१५ ऑक्टोबर १९१६

श्री. ट्रेम्बाथ,

तुमचं मोठ्या अक्षरातलं पत्र पोचलं. ब्रिजेटने ते स्वतः वाचलं, बोट ठेवून, सबंध दुपार लावून.

मी आत आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती. म्हणाली, "विनी, हा घोडा वाळू खाऊन मेला असता तर?"

"तर काय?"

"तर मी सुटले असते. म्हटलं असतं, चांदीचा पत्रा होता. पत्रा घोड्याला लावला काय नि पोराला लावला काय." मग म्हणाली, "पण तो मरत नाही. आजूबाजूचे मरतात आणि तो मरत नाही. ते पदक खरं आहे विनी. खरं होतं आणि मी ते जनावराला दिलं."

मी म्हटलं, "अ‍ॅम्बीनेच नको म्हटलं होतं."

"एकोणीस वर्षांचं पोर नको म्हणणारच. शर्टाच्या शिवणीत घातलं असतं तर कळलं असतं त्याला? पण मला सुचला घोडा."

आता तुम्हाला कळलं असेल मी नशिबाचं कौतुक नको का म्हणत होते. तुमची प्रत्येक आनंदाची बातमी इथे फिर्यादीच्या साक्षीसारखी येते. आधी सांगितलं नाही, कारण ज्या घोड्यावर माणूस बसून लढतो त्या घोड्याच्या मरणाने कुणाची तरी सुटका होईल, हे त्या माणसाला कसं लिहायचं? मला सुचलं नाही. सहसा मला सुचतं.

माळेचंही तेच. मी तिला म्हटलं, "निदान प्रार्थना तरी कर." ती म्हणाली, "काय मागू? घोडा मरू दे म्हणू, तर वर एक माणूस बसलाय. घोडा जगू दे म्हणू, तर..." मागणं ठरत नाही म्हणून ती काहीच मागत नाही.

तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत. चांगल्या हेतूने केलेल्या कामांनी मला आयुष्यभर जास्त त्रास दिलाय.

गावात सध्या सक्तीच्या भरतीचं मतदान आहे. मिसेस पॉमफ्रेट दारोदार फिरून सांगतात की कॅथलिक लोक पोरं लपवून ठेवतात. त्यांना मी आमच्या कबरस्तानातलं एक ताजं पोर दाखवायला नेणार होते, पण त्या माझं दार टाळतात.

वि. गॅफनी


इजिप्त
८ डिसेंबर १९१६

गॅफनीबाई,

पत्र वाचलं. लाज वाटली. तुम्ही सांगाल ते करतो. पदक उसवून वाळूत पुरतो, नाहीतर घोडाच बदलून घेतो. एकजण कधीपासून मागतोय त्याला.

हेडली


टॅलेरिन
२६ जानेवारी १९१७

श्री. ट्रेम्बाथ यांस,

मी तुमचं म्हणणं ब्रिजेटपुढे ठेवलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

"अजिबात नाही! काढून टाकलं आणि त्या पोराला काही झालं तर तेही माझ्याच माथी? त्याला लिही, हात लावायचा नाही पदकाला. आणि म्हणावं, त्या घोड्यावरून खाली उतरू नकोस." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला आई आहे का? विचार."

विचारते आहे. आई आहे का?

आणखी एक. यापुढे काही लपवू नका, नटवू नका. घोडा जगला तर जगला लिहा, मेला तर मेला. खोटं मला वासाने कळतं. शाळेत मी ज्यांचे कान पिळले त्यांतला एक आता न्यायाधीश आहे, आणि मला बघून अजून कानाला हात लावतो.

वि. गॅफनी


पॅलेस्टाइन
१९ नोव्हेंबर १९१७

गॅफनीबाई,

पुन्हा मोठी लढाई झाली. मी बरा. घोडा बरा. बाकी लिहीत नाही.

आई आहे. तिला तुमच्याकडचा निरोप कळवला होता. तिचं उत्तर आलं, "त्या माउलीला सांग, तिचं पदक मी उधार घेतलंय, विसरलेली नाही."

हेडली


टॅलेरिन
८ डिसेंबर १९१८

श्री. ट्रेम्बाथ यांस,

संपलं एकदाचं. तुम्ही जिवंत आहात, तुमच्या आईचं पत्र आलं. तिचं अक्षर तुमच्याहून बरं आहे.

गावच्या हॉलमध्ये आभाराची सभा झाली. प्रार्थना तुमच्या मेथडिस्ट पाद्र्याने म्हटली, म्हणून आम्हा कॅथलिकांना आत बसता येईना. आमचा नियमच तसा आहे. सगळे बाहेर पायरीशी उन्हात उभे राहिलो. खिडकी उघडी होती. पाद्री परत येणाऱ्यांची नावं घेत होता, मग न येणाऱ्यांची. अ‍ॅम्बीचं नाव कशातच नव्हतं. तो गेलाही नव्हता, तेव्हा परत येण्याचा प्रश्न नव्हता. ब्रिजेट ऐकत होती. खिडकीतून मिसेस पॉमफ्रेटनी आमच्याकडे पाहून मान हलवली, दया आल्यासारखी. मी जीभ काढून दाखवली. माझ्या वयाला ते शोभत नाही, पण प्रार्थना चालू असताना शब्दांत उत्तर देता येत नव्हतं.

घरी येताना ब्रिजेटने विचारलं, "आता घोड्यावर माणूस बसून लढणार नाही ना?"

"नाही."

"मग घोड्याचं काय करतात?"

पेपरात आलंय की घोडे परत आणणार नाहीत. जहाजांत जागा नाही, रोगाची भीती आहे. खरं काय ते कळवा.

वि. गॅफनी


त्रिपोली, सीरिया
१८ फेब्रुवारी १९१९

गॅफनीबाई,

काही लपवू नका म्हणाला होतात, म्हणून सगळं लिहितो.

घोडे परत येणार नाहीत, हे खरं आहे. डॉक्टर येऊन दात आणि पाय बघतात. म्हातारे आणि लंगडे घोडे एकीकडे काढतात. त्यांची आयाळ-शेपटी कापतात, नाल काढतात, ऑलिव्हच्या बागेत बांधून तोंडाला शेवटची चंदी लावतात आणि गोळी घालतात. धडधाकट घोडे हिंदुस्थानच्या रिसाल्याला देतात. आमच्यातल्या कितीतरी जणांनी चांगला घोडा मुद्दाम लंगडा दाखवला. परक्याच्या हाती पडण्यापेक्षा आपल्या समोर मेलेला बरा, असं म्हणून.

मी तसं केलं नाही. करावं का, हा विचार मनात आला होता. तुमच्या घरासाठी आला होता. पण सकाळी खरारा करायला गेलो तर तो माझ्या खिशात तोंड घालून बसला, आणि ते राहिलं.

पेस्टी पास झाला. दात बघून डॉक्टर म्हणाला, "याला लढाई मानवलेली दिसते."

त्याला न्यायला रिसाल्याचा एक दफेदार आला होता. थोराड, पिकल्या मिशांचा. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी नाही. त्याने आधी घोड्याचे पाय दाबून पाहिले, मग तोंडावरून हात फिरवताना त्याचा अंगठा कपाळपट्टीवर थांबला. आत काही आहे हे त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उसवलेल्या जागेतून पदक दाखवलं. त्याने ते वाकून बघितलं, पगडीच्या टोकाने पुसलं आणि अंगठ्याने चामडं दाबून पुन्हा बंद केलं. मग घेऊन गेला. पेस्टी थोडं अंतर गेल्यावर थांबला. मी वळलो आणि चालू लागलो, म्हणून पुढचं मला माहीत नाही.

मिसेस लेनहनना हवी होती ती बातमी ही नव्हे, हे मला कळतं.

हेडली


टॅलेरिन
२८ एप्रिल १९१९

श्री. ट्रेम्बाथ यांस,

पत्र मिळालं. जसं होतं तसं वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ब्रिजेट म्हणाली, "म्हणजे सगळ्यातून सुटला." एवढंच. आणि अंथरुणावर गेली. ईस्टर होऊन गेला, ती उठलेली नाही. पाव चहात बुडवून दिला तर खाते. गाय मी बघते. गाईला माझा हात आवडत नाही आणि मला तिचं शेपूट.

फादर ड्वायर येऊन गेले. खुर्ची ओढून म्हणाले, "ब्रिजेट, ही अंधश्रद्धा आहे. पदक म्हणजे काही चिलखत नव्हे."

ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "फादर, मग आशीर्वाद देऊन दिलंत कशाला?"

"मनाला आधार म्हणून."

"घोड्याच्या मनाला?"

फादर बराच वेळ टोपी फिरवत बसले. मला त्यांची कीव आली. ते वाईट गृहस्थ नाहीत, फक्त हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात नाही.

काल ती मला म्हणाली, "विनी, आता तर त्याच्या पाठीवर कुणी लढणारं नव्हतं. आता तो मेला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं." मग स्वतःच दचकली. जनावराचं मरण मागितलं म्हणून तोंडावर हात ठेवला. ज्या घोड्याला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं, त्याचं.

तुम्ही खरं लिहिलंत, ते योग्यच केलंत. मीच तसं सांगितलं होतं. मी तुमच्याकडे काही मागत नाही. कसं आहे ते फक्त कळवते.

वि. गॅफनी


इजिप्त
१५ जून १९१९

आदरणीय मिस गॅफनी यांस,

इथे बंड उठल्यामुळे आमचं जहाज लांबलं, म्हणून अजून इथेच आहे. तुमचं पत्र काल मिळालं. एक गोष्ट मी तुम्हाला आधीच कळवायला हवी होती. धीर झाला नाही.

माझ्या मागच्या पत्रानंतर हुकूम बदलला. रिसाल्याला घोडे जास्त झाले म्हणून काही परत पाठवले. त्यांत मॉन्सिन्योर होता. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरने त्याच्या पायात दोष काढला. मी स्वतः ते काम मागून घेतलं. मॉन्सिन्योर शांतपणे उभा होता. एकच गोळी लागली, त्याला काही कळलं नसेल. पदक मी त्याच्याबरोबर वाळूत पुरलं.

तेव्हा मिसेस लेनहनना सांगावं की पदकाने मॉन्सिन्योरला वाचवलं नाही. ते नुसतंच पदक होतं. कुणालाही लावलं असतं तरी व्हायचं तेच झालं असतं.

आम्ही लवकरच निघू. उत्तर दिलंत तर आईच्या पत्त्यावर द्यावं.

आपला विश्वासू,
हे. ट्रेम्बाथ


टॅलेरिन
२० ऑगस्ट १९१९

हेडली,

आता तुला अहोजाहो करवत नाही, तेव्हा राहू दे.

तुझं पत्र ब्रिजेटच्या पलंगाशी बसून वाचलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग तिने विचारलं, "खरं आहे हे, विनी?"

मी म्हटलं, "अक्षर त्याचंच आहे."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी मला जे काही शिकवलं त्यातलं हे सगळ्यात उपयोगी निघालं. खोटं न बोलता पार कसं पडायचं, ते.

ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "बिचारा. एवढ्या सगळ्यातून गेला आणि शेवटी पायात दोष." आणि रडली. अ‍ॅम्बीची पेटी आली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून गोठ्यात गेली. गाईने मला चांगलाच धडा शिकवल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. रात्रीच्या जेवणानंतर ब्रिजेटने खिळ्यावरची माळ काढली, एप्रनच्या टोकाने धूळ पुसली आणि गुडघे टेकले. आधी अ‍ॅम्बीसाठी. मग तुझ्यासाठी, तुझ्या आईसाठी. मग मला ऐकू येईल अशा आवाजात मॉन्सिन्योरच्या आत्म्याच्या शांतीसाठी. घोड्याला आत्मा नसतो, असं आमच्या कॉन्व्हेंटमध्ये छड्या मारून शिकवलं होतं. मी तिला अडवलं नाही. प्रार्थनेत उत्तरादाखल म्हणायचे शब्द मीच म्हटले.

आता तुझ्या-माझ्यातलं. हे पत्र आईच्या हाती पडू देऊ नकोस.

चार वर्षं तू त्याला पेस्टी म्हणालास. मी रागावले तरी पेस्टी, लढाईत पेस्टी, परक्याच्या हाती दिलास तेव्हाही पेस्टी. ज्या पत्रात तो मेला, त्या एकाच पत्रात तो एकाएकी मॉन्सिन्योर झाला. आपल्या हातांनी मारलेल्या घोड्याला माणूस पाहुण्यांच्या नावाने हाक मारत नाही. आणि मीही त्या पत्रापुरती बाई न राहता आदरणीय मिस गॅफनी झाले. तू माझ्या वर्गात असतास तर कान लाल झाला असता.

पगडीच्या टोकाने पदक पुसणारा तो दफेदार, ते खरं. ते तुला रचून सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीतलं पत्र मी चुलीत घातलं. त्याआधी पाठ केलं.

तू इकडे आलास तर ये. ब्रिजेट तुला जेवायला वाढेल आणि घोड्याबद्दल विचारेल. तेव्हा तिच्या डोळ्यांकडे न बघता ताटाकडे बघून बोल, आणि थोडकं बोल. पुढची बाजू मी सांभाळीन. शुक्रवारी मात्र येऊ नकोस, त्या दिवशी मांस चालत नाही आणि मासे मला करता येत नाहीत.

माळ झाल्यावर मी आताशा अंथरुणावर पडून आणखी एक प्रार्थना म्हणते, मनातल्या मनात, कारण ब्रिजेट पलीकडेच झोपते. ती मेलेल्यांसाठी नाही. हिंदुस्थानात कुठे रिसाल्याची ठाणी असतात मला ठाऊक नाही. नकाशात देश फार मोठा दिसतो. पण त्या पिकल्या मिशांच्या माणसाला कुणी माझा निरोप पोचवणारं असतं, तर एवढंच सांगितलं असतं: त्याला ओट्स भिजवून लागतात, शिट्टी वाजवलेली खपत नाही, आणि आपलं जेवण खिशात ठेवून त्याच्याजवळ जाऊ नका.

तुझी,
विनिफ्रेड गॅफनी